घाई

घाटंजीच्या वैद्यराजांनी दिगंबरची नाडी पाहिली, रक्ताचे अहवाल वाचले आणि देहात दोष नाही, असा निर्वाळा दिला.

“हे शीघ्रपतन कधीपासून?”

दिगंबरने मान खाली घातली. “कापसाचा भाव पडला तवापासून, जी. इकला नाही, म्हणून आमच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला. आमी दोघं मायच्या खोलीत झोपाले लागलो.”

“आईचा संकोच वाटे?”

“माय खोलीत थांबतच नोती, जी. आमाले एकांत भेटावा म्हणून भर थंडीत अंगणात जाऊन बसे. तिले लवकर आत घ्याचं राहे.”

“मग आता मातोश्रींची निजण्याची वेगळी सोय करा.”

दिगंबरच्या स्वरात ना शोक होता, ना लज्जा.

“तिले जाऊन तीन वर्षं झाली, जी.”