पितळी बिल्ला

"सरफरे, आता उतर रे बाबा. उद्या या बोटीवर क्षेपणास्त्र मलाच डागायचंय," असं म्हणत कुबलने जिन्याजवळच्या फळीवरचा सरफरेचा पितळी बिल्ला फिरवून 'बाहेर' केला.

मोडीत काढलेली ती युद्धनौका आता सरावाचं लक्ष्य होती. कुबल आणि सरफरे तिच्यावर नोकरीला होते तेव्हा, चढताना प्रत्येकाने आपल्या नावाचा बिल्ला 'हजर' करायचा, उतरताना 'बाहेर'. वादळात सरफरे डेकवरून वाहून गेला, तेव्हापासून त्याचा बिल्ला फिरवायला कुणाचाच हात धजावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुबलने आपल्या नव्या बोटीवरून बटण दाबलं. पडद्यावर जुनी बोट पेटली, कलली, बुडाली. टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी घरी निघताना कुबल नव्या बोटीवरच्या बिल्ल्यांच्या फळीपाशी आला. पहारेकऱ्याने विचारलं, "सर, तुमच्या शेजारी हा कुणाचा बिल्ला?"

पितळेवरून खारं पाणी ठिबकत होतं. सरफरे हजर होता.