काठीवरचा फोन

भिकाने आपला फोन पॉवर बँकेसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीच्या तोंडाला रबर गुंडाळलं आणि दोरीने ती डोलकाठीच्या टोकाला चढवली. तारापूरच्या वीजकेंद्राची चिमणी आता बोटाएवढी दिसत होती. इथून पुढे रेंज मिळायची ती फक्त वर, काठीच्या टोकाला. तिथल्या फोनचं हॉटस्पॉट चालू ठेवलं की खाली बोटीवर सगळ्यांना नेट मिळे.

वर भिकाचाच फोन जायचा, कारण तो सगळ्यांत जुना. बोईसरच्या बाजारात सेकंडहँड घेतलेला, काच तडकलेला. पडला, भिजला तरी कुणाचा जीव वरखाली होणार नव्हता. खोड एकच होती. त्याच्यावर कॉल आला की खालचं नेट बंद पडे आणि कॉल संपला की आपोआप सुरू होई. त्यामुळे भिकाचा फोन वाजला की बोटीवर आधी शिव्या ऐकू येत.

बोटीवर वायरलेस होता, पण त्यावर बोललेलं नवापूरचा अख्खा किनारा ऐकतो. म्हणून मनातलं जे काही असेल ते भिकाच्या फोनमधून जाई. मेहुल पुढच्या टोकाला पाठ करून बसे आणि कुणाला तरी लिहून लिहून स्वतःशीच हसे. केतन गाणी बघे. मालक कमलाकांत व्यापाऱ्याशी भाव ठरवी. ज्याचा फोन, तो भिका मात्र रिकाम्या हाताने बसे.

पहाटे बंदरातून निघतानाच डोंगरावरून त्याच्या भावाचा, सुकाचा फोन आला होता. भिकाच्या बायकोला, लाडकीला कळा सुरू झाल्या होत्या, सातव्या महिन्यातच. जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात नेत होते. तिला भिकाशी बोलायचं होतं, पण कळांपुढे शब्द फुटत नव्हता. पोचल्यावर लावून देतो, असं सुका म्हणाला. आज मागे राहू का, असं भिकाने मालकाला विचारून पाहिलं.

"फोन तं तुझाच वर हाय," कमलाकांत म्हणाला. "तुला नाय कळणार तं कोणाला कळणार?"

बिचाऱ्याला ते पटलंही.

फोन वाजला तेव्हा जाळं अर्धं पाण्यात होतं आणि चौघांचे हात त्यात गुंतलेले. भिकाने मान वर केली. पिशवी उन्हात चमकत होती, वाजत होती.

"जाळं घे आदी," कमलाकांत म्हणाला. "पोरगं झालं असल. दुसरं काय?"

पिशवी वाजायची थांबली. जाळं आलं, मासळी फळीवर ओतली, तसा भिका काठीकडे निघाला. फोन खाली उतरवून उपयोग नव्हता, खाली रेंजच नव्हती. वर चढूनच बोलावं लागणार होतं. ताडीसाठी झाडावर चढण्यात जन्म गेलेल्या माणसाला त्या काठीचं काय? पण कमलाकांतने हात आडवा धरला. बर्फाची गाडी कुठे लावतो ते व्यापारी कळवणार होता. भिका बोलत राहिला असता तर नेट गेलं असतं.

"एक मेसेज येऊ दे. मग बोल खुशाल."

भिका मासळी निवडायला बसला. बोंबील इकडे, कोलंबी तिकडे. त्याच्या हातून कोलंबी बोंबलांत पडू लागली. मेहुलने ते पाहिलं आणि ती उचलून बाजूला टाकली. व्यापाऱ्याचा मेसेज काही येत नव्हता. केतनच्या मोबाईलवर हळदीचं गाणं लागलं होतं, आणि पिवळ्या लुगड्यातल्या बाया ताल धरून नाचत होत्या.

गाणं मधेच अडकलं. बाया हात वर करून तशाच थांबल्या, त्यांच्यावर लोडिंगचं गोल फिरू लागलं, आणि वर फोन वाजला.

या वेळी भिकाने कुणाला विचारलं नाही. बोट डुलत होती. तो सरसर चढला, एका हाताने काठीला मिठी मारली आणि पिशवी न सोडताच फोन कानाला लावला.

खालून तिघे बघत राहिले. वाऱ्यात शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्याचे ओठही हलत नव्हते. तो नुसता ऐकत होता. केतनच्या हातात गोल फिरत होतं, आणि आज त्याच्या तोंडून शिवी निघाली नाही.

"काय म्हणतात रं?" कमलाकांतने वर बघून विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्याला भीती वाटू लागली होती.

मग गाणं एकदम सुरू झालं, थांबलं होतं तिथूनच, मोठ्या आवाजात. कमलाकांतच्या खिशात मेसेज वाजला. त्याने खिशात हात घातला नाही. केतनने धडपडत गाणं बंद केलं.

वर भिकाने फोन अजून कानालाच धरला होता.