पट्टी पांढरी झाली की

वेणूने संध्याकाळी पोटरीला बिब्बा चोळला. सकाळपर्यंत तिथे टरारून फोड आले आणि मनगटावरची पट्टी लालभडक झाली.

अंगात सूज आली की रक्तात एक प्रथिन वाढतं. पट्टीतली प्रतिपिंडं तेवढंच ओळखायची, घट्ट धरून ठेवायची आणि बाकी कशाला हात लावायची नाहीत. त्यामुळे आईची कितीही आठवण आली तरी पट्टी आपली पांढरीच राहायची. लाल झाली की मात्र तिकडे जपानात कामाला गेलेल्या आईच्या फोनवर घंटा वाजायची.

आजही लगेच आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय झालं गं? कुठे लागलं?"

"काही नाही. तू बोल ना."

"पाय का लपवतेस? दाखव. बिब्बा? अगं येडे, परत?"

"मग बरी असताना फोन का करत नाहीस?" वेणू खेकसली.

आईने डोळे चोळले. "दोन-दोन पाळ्या करते गं. फोनवर तुझी पट्टी पांढरी दिसली, की तेवढीच झोप लागते मला."

फोन ठेवल्यावर वेणूने उरलेले बिब्बे उकिरड्यावर फेकले आणि फोडांना खोबरेल लावलं.

काही दिवसांनी पट्टी पांढरी झाली. वेणूने मनगट तोंडाजवळ नेलं आणि हळूच म्हणाली, "झोप आता."