अडकलेली सीडी

लातूरच्या क्लासात विज्ञानाची एकच सीडी पोरींत फिरायची. माझी पाळी पाचला संपणार होती आणि साडेचारला सीडी घरच्या कॉम्प्युटरात अडकली. बटण दाबून बोट दुखलं, ट्रे बाहेर येईना. आत चकती घरघरू लागली, टेबल थरथरलं, तांब्यावरचं फुलपात्र खडखडलं. पिठाच्या हातांनी आई धावत आली आणि तिनं मनगट धरून मला अंगणात ओढलं. “भूकंप न्हाई गं, सीडी हाय!” मी चिडले. तिच्या बांगडीतली पिन हिसकावून आत पळाले, कॉम्प्युटर बंद केला, ट्रेच्या बारीक भोकात ती खुपसली. सीडी सुटली. ती नाचवतच बाहेर आले. “बघ, काय न्हाई. उगं भितीस!” माझ्या जन्माआधी भूकंपात गेलेल्या थोरल्या भावाबद्दल आई पहिल्यांदाच बोलली. “त्या पहाटे तुझ्या दादानं मला उठवलं. ‘आई, हलायलंय,’ म्हणला. मी म्हणले, ‘काय न्हाई, झोप.’”