कलम चार

संध्याकाळ ही माणसाच्या घरच्यांची असते, असं खासदारसाहेब संसदेत एकोणीस वर्षं ठणकावून सांगत होते. त्यांच्या स्वतःच्या संध्याकाळी तेच सांगण्यात जायच्या, हा भाग वेगळा.

अखेर कायदा झाला: सहानंतर कामाचा फोन वाजणार नाही. कामाचा फोन कोणता, हे कलम चारमध्ये साहेबांनीच ठरवलं होतं. वर्षभरात ज्याच्याशी एकदाही सलग दोन मिनिटं बोलणं झालं नाही, तो माणूस कामाचा.

पहिल्याच संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सहायकाने टेबल आवरलं. "येतो साहेब. तुमच्या कृपेने आज मुलं जागी असताना घरी पोचेन."

ऑफिसात साहेब उरले आणि पाण्याच्या मशीनची घरघर. हा दिवस कुणाला तरी सांगावा म्हणून त्यांनी परगावच्या लेकीला फोन लावला. पाचदा लावला. तिकडे वाजलाच नाही.

सकाळी नऊला तिचाच फोन आला.

"तुझा फोन बिघडलाय का गं?"

"नाही बाबा, तुमचं कलम चार चालू झालंय." ती हसली. "दोन मिनिटं बोललं की कामाच्या यादीतून नाव निघतं म्हणे. बोला."

साहेबांनी घसा खाकरला. तिची तब्येत विचारली, जावयाची विचारली, तिकडची हवा विचारली.

"बरं, ठेवतो मग," साहेब सवयीने म्हणाले.



फोन एक मिनिट बावन्न सेकंद चालला.