डाव्या पायाचा सौदा

हंगाम संपताच फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक सरनोबत यांनी कर्णधार दिग्विजय साळोखेला बोलावलं. "आपल्याला चांगला गोलकीपर हवाय. तुझ्या डाव्या पायाचं कसब मेंदूतून काढून पुण्याच्या संघाला देऊ. बदल्यात त्यांच्या गोलकीपरची झेप आपल्या एका पोरात बसवू."

"गेल्या वर्षी आपल्या संघातल्या संग्रामची चपळाई अशीच दिलीत," दिग्विजय म्हणाला. "आता त्याला समोरून आलेली मोटारसायकलही चुकवता येत नाही."

"संघ बांधायचा तर काहीतरी सोडावं लागतंच."

उभ्या जन्मात चेंडूला पाय न लावलेल्या त्या माणसाची दिग्विजयला किळस आली. "साहेब, तुम्ही काय सोडलंत?"

सरनोबत हसले. "माझ्याकडे देण्यासारखं आहेच काय?"

"तेच म्हणतोय," असं म्हणत दिग्विजयने कर्णधाराची पट्टी त्यांच्या टेबलावर टाकली आणि तो शेजारच्या पेठेतल्या प्रतिस्पर्धी संघाच्या मैदानाकडे चालू लागला.