चिंचेनं घासलेली नाणी

पँट धुवायला टाकण्याआधी मंदानं नवऱ्याचे खिसे झाडले. मळक्या सुट्ट्या पैशांत तीन नाणी सोन्यासारखी लखलखत होती.

लग्नाआधी माहेरच्या फुलांच्या दुकानात ती स्वतः नाणी अशी चिंचेनं घासून ठेवायची, फक्त त्याला सुट्टे म्हणून द्यायला. धाकटी बहीण वनिता शेजारी बसून खुदुखुदु हसायची. आता दुकानावर वनिताच बसते, आणि तिची बोहनी रोज सकाळी हाच करतो.

मंदा तरातरा दुकानात गेली. नोट आपटून म्हणाली, "गजरा दे."

"ताई, उन्हात कशाला आलीस? दाजींकडे दिला असता की!"

"उरलेले सुट्टे दे."

वनितानं गल्ल्यातली मूठभर नाणी तिच्या ओंजळीत ओतली.

मंदानं एकेक नाणं उलटून पाहिलं. सगळी मळकी होती; लखलखीत एकही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.